बारावा शब्द

अकरावा शब्द आला आणि मन्मथअप्पांचं तोंड मिटलं.

परमेश्वर पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. अनुपमाच्या हातातले टाळ तसेच उघडे राहिले. शिवकांत बापाच्या तोंडापाशी फोन धरून इतका वाकला होता, की दारातून बघणाऱ्याला वाटावं, पोरगं बापाचा मुका घ्यायलंय. सगळं घर एका शब्दासाठी ताटकळलं होतं, आणि तो शब्द काही यायला तयार नव्हता.

"म्हणा अप्पा," शिवकांत म्हणाला. "विंडो झालं. विंडोच्या पुढं काय?"

अप्पांनी डाव्या हाताच्या बोटांनी मांडीवर ठेका धरला, पोराकडं बघितलं, सुनेकडं बघितलं.

"बरं," ते म्हणाले.

"कालबी हितंच बंद पडली गाडी," परमेश्वर म्हणाला. "मागं घ्यावी लागती. आरतीपासून धरा."

पुन्हा आरती सुरू झाली. आणि जो माणूस तहान लागली तर 'पाणी' म्हणू शकत नव्हता, तो खणखणीत आवाजात, एकही अक्षर न गाळता गाऊ लागला.

हा आवाज साधा नव्हता. पालमच्या एसटी स्टँडवर ज्यानं कधी गाडीची वाट बघितली, त्याच्या कानात तो अजून असेल. मन्मथअप्पा तिथं कंट्रोलर होते. माईक हातात आला की त्यांच्या अंगात यायचं. "गंगाखेडकडे जाणारी गाडी येत आहे. येत आहे म्हणजे निघाली असा गैरसमज करून घेऊ नये." लिंबाखाली तोंड उघडं टाकून झोपलेल्याला ते माईकवरून उठवायचे, "पिवळ्या पटक्याचे पाव्हणे, लोह्याची गाडी लागली आहे, माशा नंतर खाव्यात." सगळं स्टँड फिदीफिदी हसायचं. एका साहेबानं यावरून नोटीस दिली, तर अप्पांनी ती नोटीसही माईकवरून वाचून दाखवली, तीही येलदरीच्या गाडीच्या वेळापत्रकात घुसडून.

मग रिटायर झाले आणि माईक गेला. शिवकांतचं हार्डवेअरचं दुकान, अनुपमाचं घर, दोघांनाही अप्पांचं काही वावडं नव्हतं. फक्त काम नव्हतं. घरात त्यांना दोनच गोष्टी विचारल्या जायच्या. जेवलात का, आणि रिमोट कुठंय. पाइप कोणत्या कंपनीचा भरावा, मुंज्याच्या माळावरचा प्लॉट घ्यावा का, हे सगळं बापलेकाच्या मधल्या भिंतीपलीकडं ठरायचं. अप्पांना ते ऐकू यायचं, एवढंच.

रिकाम्या माणसाला फोन सापडला. एसटीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर बिटकॉइनसारख्या कॉइनचं खूळ आलं होतं, अप्पांनीही रिटायरमेंटमधला एक तुकडा त्यात टाकला. ज्या ॲपवरून घेतले, त्या कंपनीनं एका सकाळी सगळ्यांचे व्यवहार थांबवले. अप्पांनी फोन लावला. बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुढं आठवडाभर तीच बाई तेच म्हणत राहिली. ॲप पुन्हा चालू झालं, तसे अप्पा तडक सिद्धोधनच्या मोबाइल दुकानात जाऊन बसले.

सिद्धोधन तिशीतला, हुशार, फटकळ. त्यानं नीट समजावून सांगितलं. कॉइन ठेवायला वॉलेट लागतं, आणि ते तीन तऱ्हेचं असतं. एक कंपनीचं. कुलूपही त्यांचं, किल्लीही त्यांची. पासवर्ड विसरलात तर आधार कार्ड दाखवायचं, वारसाचं नाव लावायचं. दुसरं आपल्याच फोनमधलं. ते बारा इंग्रजी शब्द देतं. फोन हरवला, फुटला, तरी ते शब्द ओळीनं घातले की सगळं परत येतं. शब्द गेले तर मात्र देव आला तरी उघडत नाही. तिसरं म्हणजे पेनड्राइव्हसारखं वेगळं यंत्र, ते मागवावं लागतं, आणि त्यालाही शब्द असतातच.

अप्पांनी हे सगळं एसटीत बसवून बघितलं.

"म्हंजे पहिलं म्हंजे सामान टपावर टाकून कंडक्टरच्या भरवशावर झोपायचं. दुसरं म्हंजे गठुडं मांडीवर घिऊन बसायचं. अन् तिसरं म्हंजे गठुड्याला सोताची लोखंडी पेटी."

"बरोबर. तुमच्यासारख्याला पहिलंच ठीक हाय, अप्पा. कंपनी बदला फक्त. काही अडचण आली तर कुणीतरी फोन उचलतंय."

"कोण उचलतंय ते म्या ऐकलंय. गाडी येत हाय, गाडी येत हाय, असं म्या उभ्या नोकरीत लोकांला सांगितलं. मला नगं सांगू."

सिद्धोधन हसला आणि दुसऱ्या जातीतली चार-पाच वॉलेट दाखवू लागला. अप्पा ॲपच्या नावाखालच्या चांदण्या मोजून निवडायला निघाले, तर त्यानं हात धरला. चांदण्या विकत मिळतात, म्हणाला, आणि नावातलं एक अक्षर बदलून चोरांनी बनवलेलीही त्यात असतात. दाखवलेल्यांतलं एक असं होतं, की ते कसं बनवलंय ते सगळ्या जगाला उघडं ठेवलेलं. ज्याला कळतं त्यानं तपासून घ्यावं. ते अप्पांना पटलं. जिलेबीसुद्धा ते ज्याची कढई समोर दिसते त्याच्याकडूनच घेत.

बारा शब्द आले. दोन कागदांवर लिहा, दोन ठिकाणी ठेवा, असं सिद्धोधननं तीनतीनदा बजावलं. अप्पांनी एकाच कागदावर लिहिले.

"आमच्यात पाठ कागदावर ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "माझ्या बापानं मला सगळं तोंडानं दिलं. सांजच्याला पूजेला बसायचं, बाप म्हणंल ते मागं म्हणायचं. ह्येबी तसंच दीन. शिवकांत जवा यिऊन बसंल अन् इचारंल, त्या दिवशी."

"अन् न्हाई बसला तर?"

"बसंल की. इचारल्याबिगर मिळणार न्हाई म्हणल्यावर कुठं जातंय?"

आणि ही सगळी गोम होती. पैसा त्यांना फार नको होता. कुणीतरी येऊन विचारावं, एवढ्यासाठी त्यांनी मांडीवरचं गठुडं निवडलं होतं.

संध्याकाळी अंघोळ करून, विभूती लावून, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन ते पूजेला बसायचे. भजन, मग आरती. आरती संपली की त्याच चालीत, त्याच ठेक्यात, पुटपुटत ते बारा शब्द म्हणायला लागले. एका ओळीत चार, अशा तीन ओळी बरोबर बसल्या. रिव्हर लेमन टिकेट अंकल, ही पहिली. अर्थ त्यांना निम्म्यांचा माहीत होता. टिकेट शब्दाला मात्र ते किंचित हसत. पाठ पक्का झाला, तसा त्यांनी कागद धुपाटण्यात टाकला.

शिवकांत काही येऊन बसला नाही. दुकान बंद करायचीच ती वेळ.

दीड-दोन वर्षं अशी गेली आणि अप्पा न्हाणीत पडले. लकवा. नांदेडला नेलं. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. एकच शब्द उरला होता. दुखतंय का, तर बरं. दिवा मालवू का, तर बरं. चड्डी ओली झालीय का, त्यालाही बरं. डॉक्टरांनी जाताना असंही सांगितलं, की यांना पूर्वीची पाठ असलेली गाणी, भजनं असतील ती रोज यांच्यासोबत म्हणा. बोलता न येणारी माणसं कधीकधी गाऊ शकतात. सगळ्या औषधांत हेच एक फुकट होतं, म्हणून बहुतेक कुणी ते लक्षात ठेवलं नाही. गोळ्या मात्र वेळेवर दिल्या.

फोनचा पॅटर्न कुणाला माहीत नव्हता. शिवकांतनं दवाखान्याबाहेरच्या दुकानातून तो फॉरमॅट करून आणला, आणि पुढं तोच वापरू लागला.

महिनाभरानं सिद्धोधन मोसंबी घेऊन भेटायला आला. निघताना सहज म्हणाला, त्या वॉलेटचं काय केलं? शिवकांतनं विचारलं, कोणतं वॉलेट? तेव्हा सगळं बाहेर आलं. आज त्या तुकड्याचा चांगला मोठा ढीग झाला असेल, हेही आलं. त्या दिवशी घरातले डबे, गाद्या, देवळी, अप्पांच्या जुन्या खाकी कपड्यांचे खिसे, सगळं पालथं झालं. अनुपमानं अप्पांच्या गळ्यातली लिंगाची डबीसुद्धा उघडून बघितली. अप्पा खाटेवरून बघत होते. "अप्पा, शब्द कुठं ठेवलेत?" शिवकांतनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

अप्पांनी सगळा जीव तोंडात आणला. घसा ताणला, मानेच्या शिरा फुगल्या.

"बरं," ते म्हणाले, आणि रडले.

श्रावणातल्या एका सोमवारी अनुपमा दिवा लावता लावता आरतीची ओळ गुणगुणली. खाटेवरून दुसरी ओळ आली. तिच्या हातातला दिवा पडता पडता राहिला. तिनं तिसरी म्हटली, अप्पांनी चौथी, मग दोघांनी मिळून पुरी केली. आणि आरती संपल्यावर ती थांबली, तरी अप्पा थांबले नाहीत. "रिव्हर," ते म्हणाले, "लेमन. टिकेट. अंकल." तिला वाटलं, डोकं गेलं बिचाऱ्यांचं. शिवकांतला वाटलं, लागली लॉटरी.

दुसऱ्या दिवसापासून घराला देवाचं वेड लागलं. शिवकांत दिवसाउजेडी दुकानाचं शटर ओढून पूजेला हजर. परमेश्वर पेटीवाल्याला रोजावर लावलं. शेजारची पंचफुलाबाई आवाज चांगला म्हणून बोलावली जाऊ लागली. तिला आतली गोष्ट माहीत नव्हती, ती आपली भक्तिभावानं यायची आणि शिवकांतसारखा पोटचा पोर सगळ्यांना मिळो म्हणायची. अप्पांना अंघोळ घालून, कपाळावर तीन बोटं विभूती ओढून, भिंतीला टेकवून बसवायचं. लिंग डाव्या तळहातावर. उजवा हात उचलत नव्हता, म्हणून बेलपान अनुपमा वाहायची. मग भजन, मग आरती, मग फोन पुढं.

कारण सुरुवात कुणीतरी करून द्यावी लागायची. पहिला शब्द दुसऱ्यानं टाकला आणि चाल धरली, की अप्पांच्या आत कुठंतरी दार उघडायचं. आधी चार शब्द आले. मग दोन-चार दिवस चारच. मग गार्लिक आला, कॅमेरा आला. एकदा पोलीस आला, तेव्हा शिवकांतनं पेढे आणले.

आणि अप्पा फुलले. दोन घास जास्त जेवू लागले. दुपारपासूनच दाराकडं बघायचे. पेटी दारात दिसली की डावा हात मांडीवर वाजायला लागायचा. गाताना त्यांचा चेहरा पुन्हा माईकवाल्या माणसाचा व्हायचा. एकदा तर भजनाच्या मध्येच त्यांनी परमेश्वरला डोळा मारला. पोरगा समोर मांडी घालून बसलाय, बाप म्हणतोय, पोरगा मागं म्हणतोय. असंच तर त्यांनी ठरवलं होतं. उशिरा का होईना, गाडी लागली होती.

दहावा शब्द आला त्या दिवशी परमेश्वर निघताना कुरकुरला. गंगाखेडला दुसरा कार्यक्रम सोडून येतो, म्हणाला, अजून किती दिवस? शिवकांत दारात चप्पल शोधत होता.

"दोन शब्द ऱ्हायलेत, मालक. बारावा आला की तुमाला तकलीफ न्हाई. मग पेटी कशाला अन् भजन कशाला. मलाबी दुकान हाय का न्हाई?"

डॉक्टरांनी सांगितलं होतंच, समजतं त्यांना सगळं.

दुसऱ्या दिवशी अकरावा शब्द आला आणि अप्पांचं तोंड मिटलं. तिसऱ्या दिवशी तिथंच मिटलं. आठवडा झाला. परमेश्वरनं पट्टी बदलून बघितली, पंचफुलाबाईनं शिरा करून आणला, शिवकांतनं पाय चेपले. गाणं पुन्हा पुन्हा आरतीपासून सुरू व्हायचं, मैफल लांबायची. अप्पा प्रत्येक वेळी विंडोपर्यंत भरधाव यायचे आणि स्टँडच्या दारात गाडी उभी करावी तसे थांबायचे.

"ते मुद्दाम करायलेत," अनुपमा एकदा म्हणाली. "तुमी त्यांचे डोळे बगा. स्टँडवर गंमत करताना असेच करायचे."

"लकवा झालेला माणूस कुठं गंमत करतोय?" शिवकांत म्हणाला. पण त्यानंतर दोन दिवस त्यानं पाय चेपले नाहीत.

शेवटी तो सिद्धोधनकडं गेला. सिद्धोधननं आधी कपाळावर हात मारून घेतला. अकरा शब्द ओळीनं माहीत असताना एवढे दिवस टाळ कुटत बसलात, म्हणाला. शेवटच्या शब्दात आधीच्या अकरांचा हिशेब असतो. तिथं कोणताही शब्द बसत नाही, शे-सव्वाशेच बसतात. एकेक घालून बघायचा. चुकीच्या शब्दाला रिकामं वॉलेट उघडेल, बरोबर शब्दाला भरलेलं. एक दुपार लागेल, बस. पण अप्पा शुद्धीवर आहेत, त्यांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही.

"लावू नगं. यिऊन इचार."

सिद्धोधन आला. खाटेच्या काठावर बसला, अप्पांचा डावा हात हातात घेतला आणि त्यानं खरंच नीट विचारलं. काय करणार आहे, कसं करणार आहे, बारावा शब्द तुमच्याकडून न घेता कसा सापडतो, सगळं सांगितलं. अप्पा ऐकत होते. बारावा शब्द इतका कच्चा असतो, हे त्यांना वॉलेट निवडताना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"तर काढू का, अप्पा? तुमची परवानगी हाय न्हवं?"

अप्पांची मान हलली, पण ती हल्ली तशीही हलायची. त्यांनी सिद्धोधनचं मनगट घट्ट धरलं, सोडेचनात. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. खोलीत कुणी चाल धरलेली नव्हती. आत एकच शब्द उभा होता, तोच बाहेर आला.

"बरं."

"बग," शिवकांत म्हणाला.

"लय जीव हाय म्हाताऱ्याचा माझ्यावर," सिद्धोधन मनगट हळूच सोडवत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

दुपारच्या आत काम झालं.

शिवकांत वाईट पोरगा नाही. दांडी फिरवली की पाठ उचलणारी दवाखान्यातल्यासारखी खाट आणली, चाकाची खुर्ची आणली, हातपाय हलवून घ्यायला एक बाई लावली, पंखा नवा बसवला. अप्पांना काही कमी पडू दिलं नाही, हे गल्लीत कुणालाही विचारा. परमेश्वरचा हिशेब त्याच संध्याकाळी झाला. पंचफुलाबाई दोन दिवस दारापर्यंत येऊन गेली. आता त्यांना विश्रांती लागते, असं अनुपमानं सांगितलं.

संध्याकाळ झाली की अनुपमा अप्पांचं अंग पुसते, घाईघाईनं तिरकीच विभूती ओढते, लिंग तळहातावर ठेवते आणि कुकर लावायला जाते. अप्पा नव्या खाटेवर ताठ बसून राहतात. दुकानात गर्दी असते. पहिला शब्द टाकायला कुणी नसतं.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच सुरुवात करायचं मनावर घेतलं. डाव्या हातात लिंग, त्यामुळं ठेकाही धरता येईना. नुसता श्वास आला, मग घोगरा आवाज, मग आरतीच्या पहिल्या अक्षराचा तुकडा. तो सुटला. पुन्हा धरला. कितीतरी वेळानं एक ओळ जुळली, तिला धरून दुसरी आली. टाळ नाही, पेटी नाही. घामानं विभूती ओघळली. आरती संपवून ते शब्दांवर आले, एकेक करत, दम घेत. मंकी आला. स्टेडियम आला. विंडो आला.

या वेळी ते थांबले नाहीत.

"झेब्रा," अप्पा म्हणाले. स्पष्ट, खणखणीत, स्टँडच्या पार टोकाला ऐकू जावं असं. आणि दाराकडं बघत पुन्हा एकदा, "झेब्रा."

शिवकांत ओट्यावर फोनवर कुणाला तरी पत्र्याचा भाव सांगत होता. अनुपमा पदराला हात पुसत आत आली.

"काय पायजे, अप्पा? पाणी देऊ?"

"झेब्रा," ते म्हणाले.

तिनं कोपऱ्यातल्या हंड्यातून फुलपात्र भरून आणलं. त्यांचा हात रिकामा नव्हता, म्हणून तिनंच ते ओठांना लावलं. अप्पांनी तिच्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.